शैक्षणिक संशोधन शिकताना : टक्केवारी कशाची?

एम. एड. किंवा शिक्षणशास्त्रात एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाला 'शैक्षणिक संशोधन पद्धती' हा विषय घ्यावा लागतो आणि बहुतेकांना त्याचीच धास्ती असते. संगमनेर परिसरातील आपल्या समाजाचे तरुण-तरुणी आज शिक्षक म्हणून काम करीत आहेत, नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. परंतु दिवसभर आकडे लिहिणाऱ्याला एक खोड जडते. बेरीज जुळली तरी तो व्हाउचर मागतो. संशोधनात हीच खोड फार कामाची आहे, असे आमचे नम्र मत आहे.

अभ्यासक्रमात ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि प्रायोगिक अशा तीन प्रमुख पद्धती शिकवल्या जातात. शिवाय शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण सोडवण्यासाठी करावयाचे कृतिसंशोधन असते. परिकल्पना, चल, न्यादर्श, प्रश्नावली, विश्वसनीयता, सप्रमाणता हे शब्द आत्मसात करावेच लागतात. त्यासाठी मुळे-उमाठे व भिंताडे यांची मराठी पुस्तके आहेत, तेव्हा इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही. संख्याशास्त्राचीही नाही. ज्या 'टी' चाचणीने विद्यार्थ्यांना घाम फुटतो, ती विल्यम गॉसेट नावाच्या नोकरदार माणसाने शोधली. तो डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. १९०८ साली त्याने ती 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने प्रसिद्ध केली. नोकरी करून शिकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. (त्या कारखान्यातून निघालेली एवढी एकच वस्तू आमच्या मंडळाला चालेल!)

व्याख्या पाठ होतात, सूत्रही बसते. अडते ते निराळ्याच ठिकाणी. लघुप्रबंधात कुठेतरी 'अमुक टक्के विद्यार्थी' असे वाक्य येते. ते टक्के कशाचे? टक्केवारीला वर अंश असतो आणि खाली छेद असतो. अंशाकडे सर्वांचे लक्ष जाते. छेदात कोणाला धरले आणि कोण राहून गेले, हे विचारायचे मात्र राहून जाते.

याचा उत्तम वस्तुपाठ आपल्या घरातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत भाषण केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते वाचावयास मिळते. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यातील एखादा आकडा सांगितला जातो, परंतु संशोधनाचा नमुना म्हणून विद्यार्थी ते सहसा उघडत नाहीत, याचे वाईट वाटते.

त्या भाषणात दोन निरनिराळे छेद आहेत. पहिला छेद म्हणजे प्राथमिक शाळेत दाखल झालेली १०० मुले. त्यांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात व उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे बाबासाहेबांनी सभागृहापुढे ठेवले. शाळेत मुले किती आली एवढेच मोजले असते, तर ही ८२ मुले कोणाच्याच दृष्टीस पडली नसती. दुसरा छेद म्हणजे प्रत्येक समाजगटाची स्वतःची लोकसंख्या. त्या वेळच्या वर्गवारीत प्रगत हिंदू, मुसलमान, मध्यम वर्ग आणि मागासवर्ग असे चार गट होते. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शिक्षण घेणाऱ्यांची संख्या अनुक्रमे ११९, ९२, ३८ आणि १८ अशी होती. लोकसंख्येचा क्रम लावला तर मध्यम वर्ग पहिला, मागासवर्ग दुसरा, मुसलमान तिसरे आणि प्रगत हिंदू चौथे. म्हणजे संख्येने चौथे ते शिक्षणात पहिले, आणि संख्येने दुसरे ते शिक्षणात शेवटचे. सबंध इलाख्याची एकच सरासरी काढली असती, तर ११९ च्या सावलीत १८ झाकले गेले असते. येथे टी चाचणी नाही, परिकल्पनेचे प्रकरण नाही. छेद विचारपूर्वक निवडला, एवढेच.

शाळा सोडून जाणे म्हणजे 'गळती' आणि एकाच इयत्तेत अडकून पडणे म्हणजे 'स्थगिती'. हे शब्द हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालापासून शिक्षणक्षेत्रात रूढ झाले. हे भाषण त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे.

आता हीच दृष्टी आपल्या गावच्या शाळेला लावून पाहू. समजा, एका शाळेत पहिलीच्या पटावर ४० नावे होती आणि तीन वर्षांनी चौथीच्या पटावर ३८ आहेत. घाईने लिहिणारा लिहील, की गळती २ मुलांची, म्हणजे ५ टक्के. परंतु जनरल रजिस्टर उघडून एकेक नाव ताडून पाहिले, तर कळते की या ३८ पैकी १४ मुले मधल्या काळात दुसऱ्या शाळांतून आलेली आहेत. मूळच्या ४० पैकी २४ च उरली, १६ गेली. त्या सोळांपैकी पाच जणांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन अन्यत्र प्रवेश घेतला, तशी नोंद सापडते. राहिलेल्या ११ मुलांचा पत्ता कागदावर नाही. ४० पैकी ११ म्हणजे २७.५ टक्के. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, पण ५ आणि २७.५ यांतील अंतर कोणत्या वहीतून निघते हे त्यावरून उमगावे. खात्यातील शिल्लक तेवढीच दिसली तरी मधले जमा-खर्च पाहावे लागतात, तसेच हे आहे. आज चौथीपर्यंतचे चित्र १९२७ सारखे राहिलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. म्हणून आता हाच हिशेब आठवी ते दहावी आणि दहावी ते बारावी असा लावून पाहण्यासारखा आहे.

न्यादर्शाची गोष्टही अशीच. वेळ थोडा, पैसा थोडा, म्हणून एस. टी. ने जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा चार शाळा विद्यार्थी निवडतात आणि त्याला 'यादृच्छिक न्यादर्श' म्हणतात. हे बरोबर नव्हे. तो सोयीचा न्यादर्श आहे, आणि तसे प्रामाणिकपणे लिहिले तर त्यात काही कमीपणा नाही. पण मग पठारभागातील वाड्यावस्त्या आणि अकोल्याकडच्या ठाकरवाड्या यांविषयी निष्कर्ष काढू नयेत. शिवाय वर्गात वाटलेली प्रश्नावली त्या दिवशी हजर असलेली मुलेच भरतात. गैरहजेरीची कारणे हजर मुलांना विचारून लिहिलेले प्रबंध आहेत, यावर काय बोलावे!

प्रश्नांची भाषाही तपासून घ्यावी. संगमनेरात घरोघरी विड्या वळल्या जातात. आईला हातभार लावणाऱ्या मुलीला 'तू काम करतेस का?' असे विचारले तर ती सहज 'नाही' म्हणेल, कारण घरातल्या विड्यांना ती काम समजत नाही. त्याऐवजी 'काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलेस?' असे विचारावे. पुस्तकात सप्रमाणता म्हणतात ती हीच. जे मोजायचे तेच मोजले जाते का, एवढा त्याचा अर्थ. आणि असे उत्तर मिळाल्यावर त्या मुलीचे वा तिच्या घराचे नाव प्रबंधात येता कामा नये.

या सर्वांहून कठीण गट ऊसतोड कामगारांच्या मुलांचा आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या आपल्या भागात येतात, कोप्या पडतात, आणि हंगाम संपला की उठतात. त्या मुलाचे नाव बीड किंवा पाथर्डीकडच्या शाळेच्या पटावर, आणि मूल येथल्या फडात. तेथे ते पटावर असून वर्गात नाही, आणि येथल्या छेदात तर ते नाहीच. आपल्यापैकी कोणी शिक्षक हा विषय लघुप्रबंधासाठी घेणार असेल, तर मार्गदर्शकांकडून आराखडा जून-जुलैतच मंजूर करून घ्यावा आणि मुलाखती डिसेंबर-जानेवारीत ठेवाव्यात. टोळीच्या मुकादमाला आधी भेटावे, कारण कोणत्या कोपीत शाळेच्या वयाची किती मुले आहेत हे तोच सांगू शकेल. भेटीची वेळ संध्याकाळचीच धरावी. दिवसा कोपीवर गेलात, तर मोठी माणसे फडात असतात आणि धाकट्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी तेवढी भेटते. तिचीही नोंद करावी.