दहा हजार पौंडांचा नवरदेव
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने साहित्यावर लिहू नये असा काही नियम नाही. तरीही या अंकासाठी मी विषय सांगितला तेव्हा वर्गात हशा पिकलाच. इंग्रजांच्या जुन्या काळावरील दूरचित्रवाणी मालिका, त्यांतले सरदारपुत्र आणि सामान्य घरच्या मुली, यांत बी. कॉम.च्या मुलीने काय पाहायचे? माझे उत्तर असे की, तिने आकडे पाहायचे. खोलीतली माझी मैत्रीण कानडी माध्यमात शिकलेली, मी मराठी माध्यमातली. त्यामुळे इंग्रजांचे उच्चार दोघींनाही पुरते कळत नव्हते आणि आम्ही या मालिका खाली उमटणारी अक्षरे वाचत पाहिल्या. अनेक वाक्ये निसटली, पण पौंडाचा आकडा एकदाही निसटला नाही. तो इतक्या वेळा येतो!

जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीवर बी.बी.सी.ने १९९५ साली सहा भागांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही मालिका दाखवली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. तळ्यात उडी घेणारा डार्सी त्यांच्याच पदरचा आहे, कादंबरीत तो कुठेही भिजत नाही. पण आकडे मात्र ऑस्टिनबाईंचेच. डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड, त्याचा मित्र बिंगली याचे चार-पाच हजार. बिंगलीच्या वडिलांनी व्यापारात मिळवलेले सुमारे एक लाख पौंड मागे ठेवले होते. म्हणजे द.सा.द.शे. ४ ते ५ दराने उत्पन्न बरोबर जुळते. लेखिकेने गणित करूनच लिहिले असावे असे मला वाटते.

आता नायिकेकडे पाहू. एलिझाबेथला आईच्या पश्चात एक हजार पौंड मिळायचे, तेही ४ टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत. म्हणजे वर्षाला ४० पौंड. डार्सीच्या उत्पन्नाचा हा अडीचशेवा हिस्सा झाला. वडिलांची इस्टेट सालीना दोन हजारांची, पण ती मुलींना मिळणार नाही. जमीन फक्त पुरुष वारसाकडेच जावी असा निर्बंध तिच्यावर पूर्वीच घातलेला आहे. बेनेटसाहेबांनी हयातभर उत्पन्न खावे, विकण्याचा अधिकार त्यांना नाही. पाच मुली आणि मुलगा एकही नाही, म्हणून सारे कॉलिन्स नावाच्या दूरच्या आप्ताकडे जाणार. हा निर्बंध समजून घेतल्याशिवाय मिसेस बेनेट केवळ हास्यास्पद वाटते. मला ती तशी वाटली नाही. नवरा डोळे मिटताच राहते घर सुटणार, हे त्या घरात फक्त तिलाच धडपणे कळलेले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरदाराने सामान्य घरची मुलगी करू नये असा इंग्लंडात कायदा नव्हता, धर्माचीही आडकाठी नव्हती. अडसर होता तो जमीनजुमल्याचा आणि लोक काय म्हणतील याचा. लग्नापूर्वी दोन्हीकडचे वकील बसून मुलीला किती, तिच्या मुलांना किती, याचा करार करीत. ताईच्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा अक्षर चांगले म्हणून त्या लिहायला मला बसवले होते. मानपानापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळे मी लिहिले आणि ताई आत चहा करीत होती. त्यामुळे पडद्यावर हे करार आले की माझ्या मैत्रिणीपेक्षा मला ते थोडे अधिक कळत.

या सर्व मालिकांत माझ्या मते वाणिज्याच्या विद्यार्थ्याने चुकवू नये अशी एकच असेल, तर ती 'नॉर्थ अँड साउथ'. एलिझाबेथ गॅस्केल यांची ही कादंबरी १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. बी.बी.सी.ने २००४ साली तिच्यावर चार भागांची मालिका केली. दक्षिणेकडच्या धर्मोपदेशकाची मुलगी मार्गारेट हेल वडिलांबरोबर मिल्टन या गिरणगावात येते. हे मिल्टन म्हणजे मँचेस्टरच. तेथील कापडगिरणीचा मालक जॉन थॉर्नटन तिला मागणी घालतो आणि ती त्याला नकार देते. येथे गरिबी-श्रीमंतीचा प्रश्न नाही, कारण पैसा त्याच्याकडे आहे, तिच्याकडे नाही. तिच्याकडे आहे ते वळण, आणि व्यापारी माणूस म्हणजे खालचा ही लहानपणापासूनची समजूत. वाणिज्य शाखेत असल्याने या ठिकाणी मी थोडी थॉर्नटनच्या बाजूने झाले, हे कबूल करते.

थॉर्नटनच्या वडिलांनी सट्ट्यात बुडून आत्महत्या केली होती. शाळा सोडून हा मुलगा कापडाच्या दुकानात नोकरीस लागला आणि बापाच्या धनकोंची देणी त्याने फेडली. पुढे संपाने गिरणी अडचणीत येते. त्या वेळी त्याचा मेव्हणा त्याला एका सट्ट्यात पैसे घालण्याचा आग्रह करतो, आणि तो नाकारतो. कारण साधे आहे. बुडाले तर बुडणारा पैसा त्याचा एकट्याचा नसून देणेकऱ्यांचाही असेल. पुढे तो सट्टा यशस्वी होतो, मेव्हणा श्रीमंत होतो आणि थॉर्नटनची गिरणी बंद पडते. प्रामाणिकपणाला लगेच बक्षीस न देणारी ही कथा आहे, म्हणून ती मला खरी वाटली.

शेवटी मार्गारेटला मिस्टर बेल या गृहस्थांची मालमत्ता मिळते. गिरणीची जागा त्यांचीच, म्हणजे आता ती थॉर्नटनची मालकीण झाली. मग ती त्याला कर्ज देऊ करते. कादंबरीत रक्कम नेमकी दिली आहे: १८,०५७ पौंड. ती बँकेत अडीच टक्क्यांनी पडून आहे, तुम्ही अधिक व्याज द्याल, असा तिचा हिशेब. अडीच टक्क्यांनी वर्षाचे ४५१ पौंडांच्या आसपास होतात. प्रेमाचा एकही शब्द न काढता दोघे जण व्याजाच्या दरावर बोलत राहतात आणि त्यांचे लग्न ठरते. आम्ही हा प्रसंग तीनदा पाहिला. पहिल्या खेपेस मैत्रीण रडली. मी दुसऱ्या खेपेस.

पण तिसऱ्या खेपेस एक प्रश्न सुचला आणि तो काही डोक्यातून जाईना. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे इंग्रजी कायदे १८७० आणि १८८२ चे. त्यापूर्वी लग्न होताच बायकोचा रोख पैसा व जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. म्हणजे १८५५ साली मार्गारेट आणि थॉर्नटन विवाहबद्ध झाले की कर्ज संपले! ऋणको हाच त्या रकमेचा धनी. वकिलाकरवी विश्वस्तपत्र करून पैसा वेगळा राखता येत असे, पण तसे काही झाल्याचे मालिका सांगत नाही. मग हा व्यवहार बरोबरीचा म्हणावा की नाही? इंग्रजीच्या प्राध्यापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "हा प्रश्न तुमच्या मर्कंटाइल लॉच्या सरांना विचारा." त्या सरांनी ही मालिका पाहिलेली नाही.

'डाउन्टन ॲबी' (२०१० ते २०१५) सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. लेडी सिबिल मोटारचालक टॉम ब्रॅन्सनशी लग्न करते, हे धाडसाचे म्हणून दाखवले आहे आणि ते आहेही. परंतु तो जावई म्हणून परत येतो तेव्हा जेवणाच्या टेबलावर जितका अवघडतो, तितकेच स्वयंपाकघरातले त्याचे जुने सोबतीही अवघडतात. आपल्यातला एक जण वर गेला हे बटलर कार्सनला उमरावापेक्षा अधिक खुपते. हे निरीक्षण मार्मिक आहे. पुढे सिबिल बाळंतपणात दगावते आणि ब्रॅन्सन इस्टेटीचा कारभारी होतो, म्हणजे लेखकाने त्याची सोय लावून दिली. उमरावसाहेब मात्र पत्नीने अमेरिकेतून आणलेले बहुतेक धन कॅनडातील एका रेल्वेच्या समभागांत घालवून बसतात. अशी लग्ने खरोखरच होत. १८९५ साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट घराण्याची कन्सुएलो नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोला दिली, तेव्हा करारात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे भाग होते. घराण्याचे नाव एका बाजूने, भांडवल दुसऱ्या बाजूने. १९२१ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

या सगळ्यांहून जुनी आणि माझ्या मते अधिक कठोर मालिका म्हणजे 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'. १९७१ ते १९७५ या काळात तिचे ६८ भाग झाले. कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. त्यांपैकी मार्शबाईंनी रोझ या मोलकरणीचे काम केले. लंडनमधील १६५, ईटन प्लेस या घरात वर बेलामी कुटुंब आणि खाली नोकरचाकर. धाकटे मालक जेम्स यांच्यापासून सारा नावाच्या मोलकरणीस दिवस जातात. तेव्हा लग्नाची गोष्ट कुणी काढत नाही. जेम्सला लष्करी नोकरीवर हिंदुस्थानात धाडतात. ज्या रात्री खुद्द राजा एडवर्ड त्या घरी जेवायला येतो, त्याच रात्री सारा खाली बाळंत होते आणि मूल जगत नाही. वरच्या मजल्यावर जेवण चालूच असते. पुढे जेम्स वडिलांच्या टंकलेखिकेशी, हेझलशी, लग्न करतो. ती मध्यमवर्गीय, म्हणून वरच्यांना ती कमी वाटते आणि खालच्यांना खरी मालकीण वाटत नाही.

पण मला राहून राहून आठवते ती रोझ. तिचा ऑस्ट्रेलियन प्रियकर पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्याने तिच्या नावे १,२०० पौंड ठेवले. एका मोलकरणीच्या दृष्टीने ही जन्माची बेगमी. त्या प्रेमातून तिच्या हाती उरले ते एवढेच. जेम्स हे पैसे तिच्याकडून घेऊन शेअरबाजारात गुंतवतो. त्यात त्याची लबाडी नाही. तिचे भले होईल असे त्याला खरेच वाटते, आणि मालकांनी सांगितल्यावर नाही कसे म्हणायचे, असे तिला वाटते. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळतो, सारे पैसे जातात आणि जेम्स एका हॉटेलच्या खोलीत स्वतःवर गोळी झाडून घेतो. थॉर्नटनने जे करायचे नाकारले, तेच याने केले. फरक इतकाच की थॉर्नटनचे देणेकरी व्यापारी होते, आणि ही घरची मोलकरीण.

शेवटच्या भागात घर विकले जाते. सामान गेलेले असते आणि रोझ एकटीच रिकाम्या खोल्यांतून फिरते. मैत्रीण म्हणाली, "ती जेम्सवर रागावलेली का नाही दिसत?" मी म्हणाले, "तिच्याकडे पावतीसुद्धा नव्हती."