आज रोख, उद्या उधार?

'मराठी विभागासाठी काहीतरी लिही,' असं मॅगझिन सेक्रेटरीने सांगितलं तेव्हा मी आधी पळायलाच बघत होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीला 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन, इथेच घाम फुटतो! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी एक हिशेब करावा लागला, तोच सांगते. उद्या नोकरी लागल्यावर आपल्यातले बरेच जण पहिली गाडी सेकंड हॅण्डच घेणार आहेत. तेव्हा कामाला येईल.

झालं असं की, आजीला सिन्नरहून नाशिकला दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे न्यावं लागतं. स्कूटरवर तिला बसवत नाही, म्हणून बाबांनी एक जुनी वॅगन-आर पाहिली. किंमत ३ लाख. बचत खात्यात १ लाख होते आणि २ लाखांची एक एफडी त्याच महिन्यात पिकत होती. (माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीची एफडी वेगळी. तिला हात लावायचा नाही, हे आईने आधीच जाहीर केलं होतं!)

प्रश्न असा : एफडीचे पैसे देऊन मोकळं व्हायचं, की ती पुन्हा ठेवून २ लाखांचं कर्ज काढायचं?

फायनान्सचा एजंट घरी आला. म्हणाला, 'साहेब, व्याज फक्त नऊ टक्के. ३ वर्षांचे ५४ हजार. तुमच्या एफडीला सात टक्क्यांनी ४६ हजार मिळतीलच. म्हणजे फरक फक्त आठ हजारांचा. एवढ्यासाठी एफडी कशाला मोडता?' बाबांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. रात्री वही घेऊन बसले तेव्हा त्यातल्या दोन गोची कळल्या.

पहिली गोची 'फ्लॅट' व्याजाची. समजा तुम्ही दहा पुस्तकं भाड्याने आणली. दर महिन्याला एकेक परत करत गेलात, पण दुकानदार शेवटपर्यंत दहाही पुस्तकांचं भाडं लावतोय. चालेल का? फ्लॅट व्याज म्हणजे नेमकं हेच. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे कर्ज उरलेलं असतं जेमतेम सात हजार, पण व्याज लागतं पूर्ण २ लाखांवर. आमचा हप्ता बसत होता ७,०५६ रुपये. उरलेल्या रकमेवरच व्याज धरून उलटं गणित केलं, तर खरा दर निघाला सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास! प्रोसेसिंग फी त्यात धरलेलीच नाही.

दुसरी गोची माझ्या मते जास्त गंमतशीर आहे. एजंटने ५४ मधून ४६ वजा केले, पण दरमहा ७,०५६ रुपये कुठून येणार? ते तर बाबांच्या पगारातूनच जाणार! मग दोन्ही रस्ते सारखे धरून बघू.

१) एफडी ठेवली, पगारातून हप्ते भरले : ३ वर्षांनी हातात सुमारे २ लाख ४६ हजार.
२) एफडीच्या पैशांनी गाडी घेतली आणि तेच ७,०५६ रुपये दरमहा सात टक्क्यांच्या आरडीत टाकले : ३ वर्षांनी हातात सुमारे २ लाख ८१ हजार.

गाडी तीच, पगार तोच. फरक आठ हजारांचा नाही, पस्तीस हजारांचा!

म्हणजे रोख नेहमीच चांगली का? तसं नाही. घरातला शेवटचा पैसा गाडीत घातला आणि उद्या कुणी आजारी पडलं, तर गाडी विकून दवाखान्याचं बिल भरणार का? फीची एफडी बाजूला होती, म्हणूनच आम्हाला रोखीचा विचार करता आला. ती नसती तर मी एजंटऐवजी बँकेत जायला सांगितलं असतं. एफडी तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाचा दर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो.

आता काही गोष्टी, वहीत उतरवून घ्या :

* कर्ज घेताना 'दर किती' एवढंच विचारू नका. 'फ्लॅट की रिड्यूसिंग' हेही विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तोच वाचा.
* 'रोख' म्हणजे नोटांची पिशवी नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला बसतो, तोही तेवढ्याच रकमेचा. पैसे बँकेतूनच द्या.
* कर्ज देणारा स्वतःच्या काळजीपोटी गाडीची कागदपत्रं तपासतो. रोखीने घेताना ते काम आपलं. आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा असेल, तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

हिशेब ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'गणित बरोबर आहे गं. पण हप्ता चुकला तर फायनान्सवाला दारात येतो. आरडी चुकली तर कोण येणार?'

याला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. खरंच, मोडलेली एफडी परत उभी करणं हे गणिताचं नाही, सवयीचं काम आहे. शेवटी मीच म्हटलं, 'मी येईन.'

गाडी आली. आजी पुढच्या सीटवर बसून पूर्ण रस्ता बाबांना 'हळू चालव' म्हणत असते. आणि दर महिन्याच्या ५ तारखेला मी हॉस्टेलवरून बाबांना एकच मेसेज टाकते : 'हप्ता?' थोड्या वेळात सात हजार भरल्याचा फोटो येतो. आतापर्यंत सात आले.

म्हणजे एकोणपन्नास हजार झाले. (फॉर्टी-नाईन. खात्री करून घेतली आहे!)