शेतवस्तीसाठी धोक्याची घंटा व कॅमेरा यांची निवड

गावठाणातील घर आणि शेतातील वस्ती यांच्या संरक्षणाची गरज सारखी नसते. गावात आरडाओरड झाली तर चार माणसे धावून येतात. वस्तीवर शेजारचे घर दोन-तीन शेते ओलांडून असते, रात्री वीज जाते आणि मोबाईलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळते. पंपाची तांब्याची केबल, स्टार्टर, गोठ्यातील शेळ्या, शेडमधील बेदाणा किंवा सोयाबीनची पोती यांवर चोरांचा डोळा असतो. त्यामुळे कॅमेरे बसविण्याकडे कल वाढला आहे. परंतु केबल कापून नेल्यावर सकाळी तोंड बांधलेल्या माणसाचे चित्र पाहून पिकाला पाणी मिळत नाही. म्हणून पैसा मर्यादित असल्यास आधी घंटा व नंतर कॅमेरा, असा क्रम ठेवावा.

घंटेचा संच

संचात दारे-खिडक्यांवरील चुंबकीय कळ, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा संवेदक, भोंगा आणि सिमकार्डावरून फोन लावणारी पेटी असते. चुंबकीय कळ स्वस्त असून फारशी फसत नाही. शेड व पंपघराच्या दाराला ती आधी लावावी. उष्णतेच्या संवेदकाबाबत मात्र विचार करावा. माणूस आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर तो चालतो. त्यामुळे उन्हाळ्यात हवा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना त्याची नजर मंदावते. कुत्रे, मांजर, तापलेला पत्रा यांनी तो विनाकारण वाजतो, आणि आठवडाभर उगाच वाजणारी घंटा घरातील मंडळी बंदच करून टाकतात. तो सुमारे सात-आठ फूट उंचीवर, उन्हाकडे तोंड न करता, येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवावा.

पेटी घेताना ती ४जीवर चालते का, हे विचारावे. बाजारातील काही स्वस्त पेट्या फक्त २जीवर चालतात. जिओचे २जी जाळे नसल्याने त्यांत ते सिम चालत नाही. पेटीत आपल्याबरोबर शेजारच्या वस्तीचाही क्रमांक भरावा. पोलिसांसाठी ११२ आहेच, आणि ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तेथे एका फोनवर सर्व गावाला संदेश जातो.

कॅमेरा किती लांबचे दाखवितो?

दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, पण भिंगाचे माप सांगत नाही. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० ठिपक्यांचे असते. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी दर मीटरला सुमारे २५० ठिपके लागतात; म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी मावता कामा नये. ४ मि.मी. भिंगाने हे जेमतेम ४ मीटर अंतरापर्यंत साधते, ६ मि.मी. भिंगाने सुमारे ८ मीटरपर्यंत. सर्व अंगण दाखविणाऱ्या कॅमेऱ्यात कोणी आले एवढेच कळेल. तेव्हा एक कॅमेरा अंगणासाठी आणि एक फाटकावर, चेहऱ्यासाठी, असे दोन घ्यावेत. शेजाऱ्याचे अंगण किंवा मजुरांच्या झोपड्या चित्रात येऊ देऊ नयेत. त्यातून होणारी भांडणे चोरीपेक्षा महाग पडतात.

वीज व साठवण

चार कॅमेरे आणि चित्रण साठविणारे यंत्र मिळून साधारण ४० वॅट वीज घेतात. बारा तासांचे ४८० वॅट-तास झाले. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी निम्मी वापरली तर ९०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधील घट धरूनही रात्र निघते, मात्र त्याच बॅटरीवर दोन पंखे चालविल्यास हिशेब चुकतो.

एका कॅमेऱ्याचे अखंड चित्रण २ मेगाबिट वेगाने दिवसाला सुमारे २२ जीबी होते. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते. दिवसाला दोन जीबी देणाऱ्या सिमवर चोवीस तास चित्रण पाठविणे त्यामुळे शक्य नाही. विहिरीवर वीज नसल्यास सौर पट्टीचा ४जी कॅमेरा घ्यावा; तो हालचाल झाली तेवढेच टिपतो.

खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट लागू झाली आहे. बसविणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. विहिरीपर्यंत तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये आणि वीज पडण्यापासून बचावासाठी अर्थिंग अवश्य करावे.

चोरी झाल्यास मूळ डिस्क पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते; केवळ मोबाईलवर पुढे पाठविलेली चित्रफीत तपासात कमी पडते.

दर अमावास्येला रात्री मेन स्विच बंद करून दार उघडावे. भोंगा वाजतो का, फोन लागतो का आणि फाटकावर उभ्या असलेल्या घरच्याच माणसाचा चेहरा ओळखू येतो का, हे पाहावे. भिंगापुढील कोळ्याचे जाळे त्याच वेळी झाडून घ्यावे; रात्रीच्या अदृश्य उजेडात ते पांढरे चमकून सर्व चित्र झाकते.