कोंबडी व्यापाऱ्याला देण्याआधी

दिवाळी उलटली की आमच्या गुहागरकडच्या वाड्यांमध्ये कोंबड्या विकत घेणारे मोटारसायकलला डालगी बांधून फिरू लागतात. वेळ त्यांना बरोबर ठाऊक असते. याच दिवसांत परसातल्या कोंबड्या अंडी बंद करतात, त्यांची पिसं झडतात, माना उघड्या पडतात आणि घरात कुणी ना कुणी म्हणतंच, "बसून खातायत, देऊन टाका." शेजारच्या वहिनींनी अशाच आपल्या सगळ्या कोंबड्या दिल्या. पुढे सरपण काढताना फाट्यांच्या मागे गवतात अंडी सापडली. खालची चिखलाने माखलेली, वरची स्वच्छ, ताजी. परसात तर एकही कोंबडी उरली नव्हती. म्हणजे निदान एकीने अंडी थांबवलीच नव्हती, फक्त जागा बदलली होती. वहिनींना त्याचं फार लागलं, आणि मलाही.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी कोंबडी हातात घेऊन बघायला सांगते. संध्याकाळी ती खुराड्यात शिरली की उचलायची आणि शेपटीखाली दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपायची. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावत असतील, अंड्याची जागा ओलसर आणि सैल असेल, तुरा लालभडक असेल, तर ती अंडी देते आहे. अशा कोंबडीला सकाळी लवकर सोडू नये, दहा-अकरापर्यंत आतच ठेवावी. अंडं कुठे जात होतं ते दोन-तीन दिवसांत कळतं. हाडांमध्ये जेमतेम एक बोट जात असेल, तुरा फिका आणि आक्रसलेला असेल, तर मात्र ती खरंच थांबली आहे.

पण थांबली म्हणजे संपली नव्हे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरअखेर तो अकरा तासांवर येतो. कोंबडीचं शरीर उजेडावर चालतं. उजेड घटला की ती अंडी थांबवते, जुनी पिसं टाकते आणि खाल्लेलं सगळं नव्या पिसांना लावते. यात दोन-तीन महिने जातात. पोल्ट्रीवाले दिवे लावून चौदा-सोळा तासांचा उजेड देतात. परसातल्या कोंबडीला मी तो देत नाही. तिला ही विश्रांती मिळायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. या काळात नुसत्या कण्या टाकू नयेत. पिसं प्रथिनांची बनतात, म्हणून सुकटीचा चुरा, शेंगदाण्याची पेंड, मिळाली तर वाळवी द्यावी. संक्रांतीनंतर तुरे पुन्हा लाल होऊ लागतात.

खुडूक कोंबडीचं निराळं. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते. वर्षाला तिच्याकडून साठ-ऐंशी अंड्यांपलीकडे अपेक्षा धरू नये. पिल्लं हवी असतील तर एकवीस दिवस तिला सुखाने बसू द्यावं. नको असतील तर तिच्या नाकात पीस खुपसणं, तिला पाण्यात बुडवणं हे जे चालतं, ते बघवत नाही. अंडी रोज उचलावीत आणि खालून वारा लागेल अशा फटींच्या पिंजऱ्यात तिला उजेडात ठेवावी, दाणापाणी भरपूर द्यावं. काही दिवसांत तिची ऊब उतरते.

तलंगांच्या बाबतीत लोक घाई करतात. गावठी तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, ग्रामप्रियासारखी सुधारित जात थोडी आधी. ऐन थंडीत वयात आलेली तलंग दिवस मोठा होईपर्यंत थांबूही शकते. तुरा लाल झाला, पाठीवर हात नेताच ती पंख पसरून खाली बसू लागली, कोपरे धुंडाळत फिरू लागली, की समजावं अंडं जवळ आलं. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. आम्ही तिसऱ्यांची शिंपलं भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. जिला हवं ती खाते. मात्र अंडी सुरू होण्याआधी ही भुकटी दाण्यात मिसळू नये, कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना ती बाधते.

मे महिन्यात धापा टाकणारी कोंबडी कमी खाते, अंडी घटतात आणि कवच पातळ होतं. तेव्हा सावली आणि दिवसातून अनेकदा बदललेलं गार पाणी, एवढं तरी करावंच.

या सगळ्यात एकेक कोंबडी थांबते. सगळ्यांनी एकदम अंडी बंद केली, हिरवट पातळ विष्ठा दिसली, एखादीची मान वळली, तर वाट पाहू नका. तो राणीखेत रोग असू शकतो, आणि एकदा शिरला की त्याच्यावर औषध नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा, आजारी पक्षी वेगळे काढा आणि त्यातला एकही विकू नका. विकलेल्या कोंबडीबरोबर रोग शेजारच्या गावात जातो. त्याची लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ते सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावर द्यायची असते. तिची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या घराने एकट्याने ती आणणं परवडत नाही, म्हणून आमच्या वाडीत आता सगळ्या घरांची लस एकाच सकाळी होते.