गोळी स्वस्त गं, खाडा महाग

मामंजींनी बीपीची गोळी सोडलीय म्हणालीस. ‘आता बरं वाटतंय, उगीच पैसे कशाला घालवायचे?’ असंच म्हणाले असतील ना? अगं, बीपी वाढलं तरी काही दुखत-खुपत नाही. आकडा १४०-९०च्या आत आला म्हणजे गोळी काम करतेय, आजार गेला असं नव्हे.

आता पैशाचं बोलू. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या जुन्या गोळ्या. जनऔषधी दुकानात रोजची गोळी कटिंग चहाहून स्वस्त पडते. आरोग्य केंद्रात तर फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत.

खरा खर्च होतो तो एसटीच्या भाड्यात आणि सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजात. एवढं करून गेलं आणि ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’ असं दोनदा ऐकलं, की माणूस जाणंच सोडतो. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा आपला सातारा पहिल्या टप्प्यातच होता. त्यात भर याच अडचणींवर आहे: मोजक्या, ठरलेल्या गोळ्या, महिन्याभराच्या एकदम, आणि होईल तितक्या घराजवळ.

तेव्हा तू असं कर. आशाताईंना विचारून उपकेंद्रात मामंजींचं नाव घालून घे. गोळ्या महिन्याभराच्या माग. त्या संपायच्या आठवडाभर आधीच कोण आणायला जाणार ते घरात ठरवून टाक. तिथं मिळाल्या नाहीत तर खाडा करू नका, चिठ्ठी घेऊन जनऔषधी गाठा. चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घे. पाय सुजले, चक्कर आली, तर आपल्या मनानं बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलून देतात.

आणि ‘काही झालंच तर महात्मा फुले योजना आहे की’ हे मला सांगू नकोस. तिचे ५ लाख दवाखान्यात भरती झाल्यावरचे. वाढलेल्या बीपीनं अर्धांगवायू झालेला माणूस घरी आल्यावर त्याला उठवायला-बसवायला कुणीतरी कामावरचा रोज सोडून घरी राहावं लागतं. तो रोज कुठलीच योजना भरून देत नाही. आणि घरी कोण राहणार, हे तुला मी सांगायला नको.