सणाच्या पंगतीत वाढताना

इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड
२१ मार्च २०२६

चि. बाळ,

परवा फोनवर तू म्हणालीस की १ एप्रिलच्या संध्याकाळी तुम्ही कॉलेजच्या काही मुली ठाण्याला ज्यू मंडळींच्या पेसाहच्या जेवणात वाढायला जाणार आहात. एकटे राहणारे म्हातारे, हातात पैसा नसलेले, मुलंबाळं परदेशी गेलेले असे लोक तिथे येणार. आपल्याला त्यांचं काहीच ठाऊक नाही, काय काळजी घ्यायची, असं तू विचारलंस. फोनवर मी एवढंच म्हणालो की अवश्य जा. बाकीचं निवांत लिहितो.

पेसाह म्हणजे मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय तो सण. मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याची आठवण. त्यांच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला तो येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी आपल्या चैत्र पौर्णिमेशी जुळतो. यंदा त्यांचा सण १ तारखेच्या रात्री सुरू होतोय आणि २ तारखेला आपल्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीचा भंडारा आहे. लहानपणापासून तू त्या भंडाऱ्यात पत्रावळी मांडल्या आहेस, वरणाची बादली धरली आहेस. वाढायचं कसं हे तुला शिकवायची गरज नाही. कुणाला वाढते आहेस आणि ते जेवण काय आहे, एवढं समजून जा.

ही माणसं, म्हणजे बेने इस्रायली ज्यू, कालपरवा आलेली नाहीत. बेने इस्रायली परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. ही गोष्ट नेमकी कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं, गावांवरून पडलेली. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. ठाण्याचं १८७९ सालचं आहे. तेव्हा एखादी साडीतली आजी तुला कोकणी वळणाच्या मराठीत 'भात थोडा सैल कर गो' म्हणाली तर चमकू नकोस. 'तुम्ही भारतात कधी आलात' हे तर चुकूनही विचारू नकोस. आपल्याच गावात पाहुणं ठरवलं जाणं किती लागतं, हे आपल्या तालुक्यातल्या आंध-कोलाम आदिवासींच्या पोरांना शिकवताना मी पाहिलंय.

आता जेवणाबद्दल. त्या रात्री ते हग्गादाची पोथी वाचतात. १८७४ साली पुण्यात या पोथीची मराठी भाषांतरासह आवृत्ती छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. सुटकेची गोष्ट सुरू करण्याआधी ती भाकर सगळ्यांना दाखवतात आणि जो कुणी भुकेला असेल त्याला आत येऊन जेवायचं आमंत्रण देतात. पोथी बरीचशी हिब्रूत, पण हे आमंत्रण आरामाईकमध्ये, म्हणजे त्या काळी घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत रचलेलं. भुकेल्याला ते कळलं पाहिजे ना.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मिश्ना नावाचा त्यांचा नियमग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यात या रात्रीबद्दल नियम आहे की गरिबातल्या गरिबानेही टेकून, रेलून बसल्याशिवाय जेवू नये, आणि त्याला द्राक्षरसाचे चार पेले मिळालेच पाहिजेत, मग ते गावाच्या धर्मादाय अन्नातून द्यावे लागले तरी चालतील. रेलून जेवणं ही त्या काळी मोकळ्या, मानाच्या माणसाची बैठक. गुलाम उभ्याने खाई. गरिबाचं पोट भरा एवढ्यावर हा नियम थांबत नाही. त्याला त्या रात्री मानाने बसवा, असं तो सांगतो. मी हा नियम अनेकांना सांगतो. आपल्याकडे अन्नदानाची कमी नाही. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरात कुणीही, केव्हाही पंगतीला बसतो. पण गरिबाच्या बैठकीचा इतका बारकाईने विचार मी दुसरीकडे क्वचितच वाचला.

म्हणून तुझं पहिलं काम ताट वाढण्याचं नाही, बसवण्याचं आहे. आधी जाऊन खुर्च्या बघ. हात टेकता येईल अशी खुर्ची कुणाला, पाठीला उशी कुणाला, हे ठरव. डाव्या बाजूला रेलतात, तेव्हा उशी डावीकडे.

बाराव्या शतकात मैमोनिदीस नावाचे त्यांचे मोठे धर्मशास्त्री आणि वैद्य इजिप्तमध्ये होऊन गेले. सणाच्या दिवशी दार लावून फक्त बायकोपोरांसह खाणाऱ्याचा आनंद ते सणाचा आनंद मानायलाच तयार नाहीत. तो नुसता पोटाचा आनंद, असं त्यांचं मत. जुन्या ज्यू गावांत पेसाहच्या आधी गव्हासाठी वर्गणी निघे, गरिबाच्या घरी भाकरीचं पीठ पोचावं म्हणून. आपल्या बेने इस्रायलींची रीतही अशीच. उपासाच्या मोठ्या दिवशी, म्हणजे किप्पूरला, घरची दारं बंद ठेवून ते उपवास करीत आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण पाळत. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करायचा आणि नातलगांना, मित्रांना भेटायला जायचं. दान आणि भेट एकाच दिवशी, हे मला फार आवडतं.

आता बारीकसारीक गोष्टी. सणाच्या दिवसांत खमिराचं काही घरात किंवा हॉलमध्ये चालत नाही. तुझ्या पर्समध्ये बिस्किटाचा पुडा, खारी, डब्यातली पोळी असेल तर बाहेर ठेवून ये. बेने इस्रायलींकडे भात चालतो. युरोपातल्या बऱ्याच ज्यूंकडे तोही चालत नाही, त्यामुळे बाहेरचे पाहुणे असतील तर विचारून वाढ. मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला असतो. दही-ताक शोधू नकोस. पेल्यांमध्ये बहुधा काळ्या मनुकांचं सरबत असेल. वाइन असेल तर ती परधर्मीयाने ओतू नये असं पाळणारे लोक असतात. तेव्हा बाटलीला हात लावण्याआधी विचार. विचारण्यात कमीपणा नाही आणि ते नको म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस. बेखमीर भाकर कोरडी, कडक असते. दात नसलेल्या माणसाला ती पाण्यात भिजवून खायची मुभा आहे, तेव्हा वाटीभर पाणी जवळ ठेव. वाचन लांबतं आणि मुख्य जेवण उशिरा येतं. मधुमेहाचे कोण आहेत हे संयोजकांकडून आधीच समजून घे.

आणि फोटो काढायचे नाहीत. सूर्य मावळला की सण लागतो, मग धर्म पाळणारी माणसं फोन-कॅमेऱ्याला हात लावत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण त्यांच्या सणाशिवायही खरं आहे. आपल्याकडे एका ब्लँकेट-वाटपात मी पाहिलं, थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीला ब्लँकेट हातात धरून उभं ठेवलं होतं, कारण फोटोवाला यायचा होता. पांघरायचं नाही, नुसतं धरायचं. ती बाई त्या दिवशी घरी काय घेऊन गेली असेल, याचा विचार अजून डोक्यातून जात नाही. तुमच्या गटातली एखादी म्हणेल की एकच काढू, ग्रुपवर टाकायला. तिला तिथल्या तिथे थांबव. मैत्रिणीला वाईट वाटलं तरी चालेल.

गरज म्हणजे फक्त भूक नव्हे, हेही तिथे दिसेल. १९४८ साली इस्रायल झालं आणि हळूहळू बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता भारतभर मिळून काही हजार ज्यू उरलेत, त्यातले जास्त मुंबई-ठाणे आणि रायगडकडचे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण कागदाने घरातलं माणूस परत येत नाही. या सणात रिवाज असा, की सगळ्यांत लहान मुलाने विचारायचं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. घरात मूल नसेल तर बायको विचारते, आणि माणूस अगदी एकटा असेल तर त्याने स्वतःच स्वतःला विचारायचं, असं त्यांच्या शास्त्रात लिहून ठेवलंय. बाळ, मुंबईत त्या रात्री कितीतरी खोल्यांत म्हातारी माणसं स्वतःच स्वतःला प्रश्न विचारत असतील. तुम्ही ज्यांना वाढणार आहात त्यांच्यासाठी निदान त्या हॉलमध्ये कुणाचं तरी मूल उभं राहून तो प्रश्न विचारेल. ते वाचन चालू असताना स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करू नका. बाहेर येऊन ऐका.

शेवटी तुम्हालाही बसायला सांगतील. 'आम्ही हॉस्टेलवर जेवू' म्हणू नका. आपण न खाता दुसऱ्याला वाढून निघून जाणं म्हणजे त्यांना ते गरीब आहेत याची आठवण करून देणं. त्यांच्यात बस, कडू पाला खा, खजुराचा पाक चाख, आणि शेजारच्या आजीला तिचं माहेर कुठलं ते विचार.

एक मागणं आहे. हा सण आठ दिवस चालतो. पहिल्या रात्री वाढायला तुमच्यासारखी भरपूर पोरं असतात. पाचव्या दिवशी कुणी फिरकत नाही. ६ एप्रिलला सोमवार आहे. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाच्या घरी, आधी फोन करून, फळं घेऊन जा. बिस्किटं नेऊ नकोस.

तुझा,
मामा