नदीचा कैवार कोणी घ्यावा?

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पळसदरीस जो पावसाळ्यात भेट देईल, त्यास या परिसरात कधी पाण्याची टंचाई भासत असेल हे खरे वाटणार नाही. कर्जत तालुक्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवरील ठाकूर व कातकरी वाड्यांतील स्त्रियांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भूमीखाली काळा कातळ आणि उतार तीव्र असल्याने पाणी मुरण्यापूर्वीच ओढ्यावाटे निघून जाते व विहिरींचे झरे लवकर आटतात.

उल्हास व पाताळगंगा या नद्या मात्र उन्हाळ्यातही वाहताना दिसतात. त्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून सोडलेले पाणी या नद्यांस मिळते, आणि ते घाटमाथ्यावरील भीमेच्या खोऱ्यात साठविलेले असते. अवर्षणाच्या वर्षी हे पाणी पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी तेथील जनता करते. ती अवाजवी म्हणता येणार नाही. सारांश, नदीतील उन्हाळी प्रवाह हा दुसऱ्याच्या साठ्यावर अवलंबून आहे. आपल्या ओढ्यांचा व झऱ्यांचा कैवार आपणच घ्यावयास हवा.

येरळाकाठचा धडा

हा कैवार कसा घ्यावा, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात सापडते. १९८२ च्या गिरणी संपामुळे मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांना तेथे दुष्काळच सामोरा आला. रोजगार हमीच्या कामावर केवळ खडी फोडून दुष्काळ कसा हटणार, हा प्रश्न मुक्ती संघर्ष चळवळीने उपस्थित केला. कृष्णेची उपनदी येरळा कोरडी पडत होती आणि तिच्या पात्रातील वाळू ठेकेदार उचलून नेत होते. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते व काठच्या विहिरींस पुरविते; वाळू गेली की विहिरीही जातात.

बलवडी व तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी केवळ उपशास विरोध केला नाही. मर्यादित वाळू गावाने विकावी, त्या पैशांतून बंधारा बांधावा आणि त्याचे पाणी भूमिहीनांसह सर्वांस समान मिळावे, अशी मागणी त्यांनी शासनापुढे ठेवली. दीर्घ पाठपुराव्यानंतर परवानगी मिळाली आणि श्रमदानाच्या जोडीने 'बळीराजा स्मृती धरण' उभे राहिले. गाऱ्हाण्यास पर्यायी योजनेची जोड मिळाली, हे या यशाचे मर्म होय.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

आज या कार्यास कायद्याचे पाठबळ आहे. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पेयजल उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर खोदण्यास मनाई केली होती. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला असून त्यातही पेयजल उद्भवांच्या संरक्षणाची तरतूद आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय समाविष्ट आहेत.

तथापि, कायदा आपणहून वाडीवर येत नाही. ग्रामपंचायतीने गावातील प्रत्येक विहीर, झरा व ओढा यांची नोंदवही ठेवावी. शाळेतील विद्यार्थ्यांकरवी शिक्षकांनी विहिरींची पातळी दरमहा मोजून घ्यावी. ओढ्यात राडारोडा टाकणे, झऱ्याच्या माथ्यावरील झाडी तोडणे अथवा उद्भवाजवळ कूपनलिका खोदणे आढळताच ग्रामसभेने ठराव करून तो मोजमापासह तहसीलदारांकडे पाठवावा. वाडीतील स्त्रियांचे म्हणणे त्या ठरावात प्रथम यावे, कारण पाण्याचे अंतर त्यांनी पावलांनी मोजलेले असते.

टँकरची मागणी वैशाखात करावी लागते. झऱ्याची राखण मात्र ज्येष्ठापूर्वी, पहिला पाऊस पडण्याच्या आत, सुरू करावी लागते. दाखल्यानिशी व वेळीच केलेल्या मागणीची दखल घेणे हे अधिकाऱ्यांचे, आणि तशी मागणी करणे हे गावाचे कर्तव्य आहे.